मनगटातून गेलेली वाट आणि फाइलमधली कोरी जागा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मामांच्या वाड्याचा जिना उभा आहे आणि कठड्याच्या जागी वरून सोडलेला दोर आहे. नऊ वर्षांपूर्वी मामींची अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचे चित्र काढण्याची तपासणी, झाली तेव्हा हृदयापर्यंत न्यायची नळी जांघेतून घातली होती. शीथ, म्हणजे ती नळी आत सरकवण्यासाठी धमनीत बसवलेली बाहेरची आखूड नळी, काढल्यावर वॉर्डबॉयने वीस मिनिटे जांघ दाबून धरली, मग तिच्यावर वाळूची पिशवी ठेवली आणि सहा तास पाय सरळ ठेवून उताणे पडून राहायला सांगितले. घोटभर पाणीसुद्धा मान न उचलता प्यायचे होते. लघवीसाठी बेडपॅन होते, आणि त्या सगळ्या प्रकाराची मामींना इतकी लाज वाटली की पुढे कित्येक दिवस त्या छातीच्या दुखण्यापेक्षा त्या सहा तासांविषयीच बोलत असत. घरी आल्यावर त्यांची मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली. तीन आठवडे त्यांना जिना चढता आला नाही म्हणून त्यांचा पलंग खाली ओसरीवर मांडावा लागला.

गेल्या पावसाळ्यात मामांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे अडलेली धमनी आतून रुंद करून तिच्यात स्टेंट ही बारीक जाळी बसवली, आणि तीही उजव्या मनगटातून. मी वॉर्डात पोहोचलो तेव्हा ते खाटेवर टेकून बसले होते आणि डाव्या हाताने चहात बिस्किट बुडवून खात होते. उजव्या मनगटावर पारदर्शक प्लास्टिकचा पट्टा होता आणि त्यात हवा भरलेली होती. नर्स मधूनमधून येऊन छोट्या सिरिंजने त्यातली दोन-तीन मिलिलिटर हवा काढून घेई, रक्त येते का ते क्षणभर पाही, आणि “काका, हाथ वाळशो नहीं” (हात वाकवू नका) असे गुजरातीत बजावून पुढच्या खाटेकडे जाई. दुसऱ्या दिवशी मामा दोर धरून, डाव्या हाताने, तो जिना चढले.

वडोदरा तेच आणि घरही तेच. मधल्या काळात वैद्यकशास्त्राने मोठी झेप घेतली म्हणून हा फरक पडला, असे समजायला मन सहज तयार होते. पण मामींच्या वेळीही मनगटाची वाट जगाला ठाऊक होती, युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत तिला पहिली पसंती मिळालेली होती, आणि इथून शंभरेक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत ती वर्षानुवर्षे वापरली जात होती. मामींना जांघ मिळाली कारण त्या दिवशी कॅथलॅबमध्ये, म्हणजे या नळ्या घालण्याच्या खोलीत, उभ्या असलेल्या डॉक्टरांचा हात जांघेच्या वाटेवर बसलेला होता. हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हृदयापर्यंतची वाट कोणती निवडली, ती का निवडली आणि त्या वाटेचे पुढे काय झाले, या तीन गोष्टी रुग्णाला सांगणे आणि कागदावर लिहिणे बंधनकारक असले पाहिजे. आज यांतले काहीच बंधनकारक नाही.

या वाटांचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. 1929 साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपरापुढच्या शिरेतून नळी सारत हृदयापर्यंत नेली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. म्हणजे हृदयाकडे जाणारी पहिली वाट हातातूनच गेली. 1958 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांचे पहिले निवडक चित्रण केले, तेही हाताच्याच बाजूने, दंडाच्या धमनीतून. त्यासाठी त्वचा कापून धमनी उघडी करावी लागे. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि तारेवरून सरकणारी नळी अशी युक्ती काढली होती आणि 1967 मध्ये जडकिन्स यांनी जांघेतून नेण्यासाठी आधीच वळण दिलेल्या नळ्या तयार केल्या, तेव्हा सारा व्यवसाय जांघेकडे वळला. जांघेची धमनी सहा ते आठ मिलिमीटर रुंद असते, सहज सापडते आणि तिच्यात जाड नळ्या मावतात. ज्या काळात उपकरणे जाड होती, त्या काळात ही निवड शहाणपणाची होती.

पुढे नळ्या बारीक झाल्या. 1989 साली माँट्रियलच्या ल्युसियँ कांपो यांनी शंभर रुग्णांत मनगटाच्या धमनीतून केलेल्या अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला. 1992 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनेइ यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी करून दाखवली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 2007 च्या सुरुवातीला, अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत मनगटातून होणाऱ्या अँजिओप्लास्टीचे प्रमाण होते 1.2 टक्के. 2012 च्या अखेरीकडे ते 16.1 टक्क्यांवर पोहोचले. साधने असूनही इतका उशीर का लागला याचे उत्तर वैद्यकशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही. ते सवयीत आहे. ज्याच्या हातून हजारो शीथ जांघेत बिनचूक बसल्या, त्याला पुन्हा विद्यार्थी होऊन दोन-तीन मिलिमीटरच्या धमनीत सुई टोचण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. फक्त त्या कंटाळ्याची किंमत तो स्वतः देत नाही.

ती किंमत कशी पडते ते पाहू. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर आणि वर हेपॅरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधे एकदम दिली जातात, कारण स्टेंटमध्ये गुठळी होऊन चालत नाही. अशा अवस्थेत ज्या धमनीला भोक पाडले, ती रक्तस्रावाची जागा ठरते. जांघेची धमनी खोल असते. सुई थोडी वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत झिरपत राहते आणि बाहेर काही दिसत नाही. रुग्ण फिका पडतो, रक्तदाब उतरतो, मग धावाधाव होते. मनगटाची धमनी त्वचेखाली लगेच आणि हाडावर टेकलेली असते. शब्दकोशात तिला लांबलचक संस्कृत नाव सापडेल, पण आपण तिला नाडी म्हणतो आणि वैद्य पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच बोटे ठेवत आले. जी बोटाने लागते, ती बोटाने दाबताही येते. शिवाय हाताला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या असतात आणि तळव्यात त्या कमानीसारख्या एकमेकींना मिळतात, त्यामुळे एक बंद पडली तरी बोटे सहसा उपाशी राहत नाहीत.

याचे पुरावे भरपूर आहेत. 2011 सालच्या ‘रायव्हल’ चाचणीत 32 देशांतले 7,021 रुग्ण होते. धमनीच्या मोठ्या इजा जांघेच्या गटात 3.7 टक्के, तर मनगटाच्या गटात 1.4 टक्के होत्या. मुख्य निकषावर मात्र, म्हणजे मृत्यू, झटका, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांच्या एकत्रित बेरजेत, दोन्ही गट जवळपास सारखे निघाले, आणि मनगटाचे समर्थक हे वाक्य बहुधा हळू आवाजात वाचतात. 2012 च्या इटलीतल्या ‘रायफल-स्टिआक्स’ चाचणीत तीव्र झटक्याच्या 1,001 रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जांघेच्या गटात 9.2 टक्के, तर मनगटाच्या गटात 5.2 टक्के होते. 2015 च्या ‘मॅट्रिक्स’मध्ये 8,404 रुग्णांत एकूण मृत्यू जांघेच्या गटात 2.2, तर मनगटाच्या गटात 1.6 टक्के होते. 2020 च्या कॅनडातल्या ‘सफारी-स्टेमी’ चाचणीत मात्र तीस दिवसांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. तिथले डॉक्टर दोन्ही वाटांनी सराईत होते. तेव्हा मनगटामुळे जीव वाचतोच, असे सरसकट विधान मी करणार नाही. रक्तस्राव आणि धमनीच्या इजा कमी होतात, रुग्ण लवकर उठून बसतो, आणि झटक्याच्या रुग्णांत एकंदर पुरावा मनगटाच्या बाजूला झुकतो, एवढे निःसंकोच म्हणता येते. युरोपने 2015 मध्ये आणि अमेरिकेने 2021 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत मनगटाला वरची श्रेणी दिली, ती याच आधारावर.

याविरुद्ध डॉक्टर मंडळी जे म्हणतात, त्यातले बरेचसे खरे आहे. मनगटाची धमनी आकसते. सहा फ्रेंचच्या (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) साध्या शीथचा बाहेरचा व्यास सुमारे अडीच मिलिमीटर, धमनी जवळपास तेवढीच, म्हणून आत व्हेरापामिल किंवा नायट्रोग्लिसरिन ही धमनी सैल करणारी औषधे सोडावी लागतात, आणि तरीही क्वचित धमनी नळी अशी पकडून ठेवते की रुग्ण कळवळतो. उंचीने लहान, वयस्कर, जुना रक्तदाब असलेल्या बायकांत खांद्याजवळची धमनी इतकी नागमोडी असते की तार पुढे सरकता सरकत नाही. शिकाऊ काळात क्ष-किरणांचा मारा थोडा जास्त होतो आणि हात बसायला पन्नासएक रुग्ण लागतात. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला नाडीच लागत नाही. हृदयाला आधार देणारी मोठी यंत्रे अजून बहुतांशी जांघेतूनच जातात. ज्याला आज ना उद्या डायलिसिस लागणार आहे, त्याच्या हातातली धमनी फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरता धमनी शिरेला जोडण्यासाठी, राखून ठेवणे हे शहाणपण आहे. बायपासच्या वेळी कधीकधी हीच धमनी काढून हृदयावर जोडतात, त्यामुळे शस्त्रक्रियेची शक्यता असलेल्या रुग्णाबाबत तिचाही विचार व्हायला हवा. एक आक्षेप तर मला सगळ्यांत गंभीर वाटतो. सगळेच मनगटाकडे वळले तर जांघेत सुई घालण्याचे कसब नव्या डॉक्टरांच्या हातून जाईल, आणि जांघ उरेल ती नेमकी सर्वांत आजारी रुग्णांसाठी. सोनोग्राफीच्या मदतीने जांघेत सुई घालण्याचे शिक्षण त्यामुळे बंद पडता कामा नये.

पण हे सगळे आक्षेप विशिष्ट रुग्णाविषयीचे आहेत. ‘या बाईंच्या मूत्रपिंडाची ही अवस्था आहे, म्हणून मी जांघेतून जातो’ हे कारण झाले. ‘आमच्याकडे जांघेतूनच करतात’ हे कारण नाही. पहिले वाक्य केसपेपरवर लिहिता येते, दुसरे लिहायला कोणाचाही हात धजणार नाही. म्हणूनच लिहिण्याची सक्ती हवी.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. रक्तस्राव त्यांना पुरुषांपेक्षा अधिक होतो, म्हणजे मनगटाचा फायदाही त्यांनाच अधिक होण्यासारखा आहे. पण धमनी बारीक, आकसण्याची भीती जास्त, म्हणून जांघेकडे वळवलेही त्यांनाच जाते. मामांच्या शेजारच्या वॉर्डात एक आजी होत्या. हातातल्या बांगड्या निघत नव्हत्या आणि काढायची त्यांची तयारीही नव्हती. यजमान खाटेपाशी उभे असताना हात ओका करायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. मुलगा वैतागून म्हणाला, जाऊ द्या, पायातून करा. तेवढ्यात एका वयस्क नर्सने साबणाचा फेस आणून बांगड्या एकेक करून उतरवल्या, रुमालात बांधून आजींच्याच उशाखाली ठेवल्या आणि डाव्या हातात एक ठेवली. कोणत्याही चाचणीत ही नोंद येणार नाही, पण वाट निवडताना या गोष्टींचाही वाटा असतो आणि त्या निस्तरायला दहा मिनिटे पुरतात.

आता ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही त्या मुद्द्याकडे वळतो. गुजरातेत आज मनगटाची वाट अनोळखी राहिलेली नाही. अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल यांचे नाव या क्षेत्रात जगभर घेतले जाते. मोठ्या शहरांत नवे डॉक्टर मनगटापासूनच सुरुवात करतात. त्यामुळे ‘मनगट की जांघ’ हा वाद अर्धा संपल्यासारखा आहे, आणि नेमका तिथेच निष्काळजीपणा शिरतो. मनगटाची धमनी काम झाल्यावर गुपचूप बंद पडू शकते. तळव्यातली कमान रक्त पुरवत राहते म्हणून रुग्णाला कळत नाही, डॉक्टरला दिसत नाही. पण त्याच रुग्णाला तीन वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी लागली, बायपाससाठी ती धमनी हवी झाली किंवा डायलिसिसची वेळ आली, की दार बंद असल्याचे समजते. हृदयविकार हा एका भेटीत संपणारा पाहुणा नव्हे. हातातली वाट पुन्हा लागणार, हे धरूनच चालले पाहिजे.

ही धमनी उघडी ठेवण्याचे उपाय महाग नाहीत. 2008 च्या ‘प्रॉफेट’ चाचणीत 436 रुग्णांच्या मनगटावरचा पट्टा दोन प्रकारे बांधून पाहिला. नेहमीच्या पद्धतीने करकचून दाबलेल्या गटात महिन्याभराने 7 टक्के धमन्या बंद होत्या. रक्त बाहेर येणार नाही पण आत वाहत राहील इतपतच दाब ठेवलेल्या गटात हे प्रमाण 1.8 टक्के होते. पुढे 2016 मध्ये 3,000 रुग्णांच्या ‘प्रॉफेट-2’ चाचणीत, जिच्या लेखकांत डॉ. पटेल आहेत, करंगळीच्या बाजूची धमनी पट्टा असेपर्यंत हलकेच दाबून ठेवली तर महिन्याभरातले प्रमाण 3 टक्क्यांवरून 0.9 टक्क्यांवर येते असे दिसले. एका वाटेची वर्दळ अडवली की दुसरीतला प्रवाह जोर धरतो, इतके साधे तत्त्व आहे. हेपॅरिनची मात्रा पुरेशी देणे, शक्य तितकी बारीक शीथ वापरणे आणि पट्टा वेळेवर सैल करणे, एवढी पथ्ये पाळली की बहुतेक काम होते. तपासणीही सोपी आहे. तर्जनीला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावायचा, करंगळीच्या बाजूची धमनी दाबायची आणि पडद्यावरची लाट टिकते का ते पाहायचे. अर्धे मिनिट लागते. धमनी बंद झाल्याचे तेव्हाच लक्षात आले तर दुसरी धमनी तासभर दाबून ती कित्येकदा पुन्हा उघडताही येते. घरी गेल्यावर ती संधी निसटते.

मामांच्या मनगटावरचा पट्टा निघाल्यावर ही तपासणी झाली की नाही, मला माहीत नाही. मी मुद्दाम फाइल उघडून पाहिली. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचे स्टिकर ठसठशीत चिकटवलेले होते. कंपनी, लांबी, रुंदी, बॅच क्रमांक, सगळे त्यावर होते. हे स्टिकर आपोआप आलेले नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, औषधी लेप असलेल्या स्टेंटची मर्यादा तेव्हा 29,600 रुपये ठरली, आणि बिलात स्टेंटचा तपशील वेगळा दाखवणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. त्याआधी आतमध्ये काय बसवले हे रुग्णाला अनेकदा समजत नसे. एका सरकारी आदेशाने कागदाची सवय बदलली. मात्र नळी कोणत्या हातातून गेली, किती जाडीची शीथ होती, मध्येच वाट बदलावी लागली का आणि घरी जाताना नाडी लागत होती का, याबद्दल मामांच्या कार्डावर अक्षर नव्हते. क्ष-किरणांत धमनी दिसावी म्हणून सोडलेले रंगद्रव्य किती वापरले याचीसुद्धा नोंद होती. वाटेची नव्हती.

आयुष्मान भारत ही सरकारी आरोग्यविमा योजना 2018 मध्ये सुरू झाली. वडोदऱ्यातल्या आपल्या मध्यमवर्गीय वस्त्यांतही आता बऱ्याच घरांत ते कार्ड असते आणि अँजिओप्लास्टीचा खर्च त्यावर होतो. पैसा सार्वजनिक आहे, दाव्यासोबत अहवाल आणि स्टिकरे मागितली जातात. त्याच अर्जात वाट, बाजू आणि घरी सोडतानाची नाडी असे तीन रकाने वाढवायला कोणता खर्च येतो? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षणात प्रत्येक अँजिओप्लास्टीची वाट नोंदली जाते आणि तिथे मनगटाचे प्रमाण वर्षागणिक कसे वाढले हे त्यामुळेच सांगता येते. आपल्याकडे वडोदरा शहरात गेल्या वर्षी किती जणांच्या जांघेत नळी घातली आणि का, हे सांगणारा आकडा कोणाच्याही मेजावर नाही. जो आकडा गोळाच होत नाही, त्याबद्दल कोणाला जाबही विचारता येत नाही.

काही डॉक्टर मित्रांना भीती वाटते की असे रकाने आले की पैसे अडवायला आणखी एक निमित्त मिळेल. ती भीती मी खोटी मानत नाही. विमा कंपन्यांचा आणि योजनांच्या कार्यालयांचा अनुभव त्यांना माझ्याहून अधिक आहे. म्हणून जांघेतून केले तर पैसे कापा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तसे झाले तर ज्याला खरोखर जांघेची गरज आहे त्याच्या मनगटात डॉक्टर उगाच झटापट करत बसेल, आणि झटक्याच्या रुग्णाच्या बाबतीत ती हरवलेली मिनिटे हृदयाचा स्नायू गिळतात. नोंद करा, कारण लिहा, वर्षाअखेर रुग्णालयनिहाय आकडे जाहीर करा, इथपर्यंतच सरकारने थांबावे. मनगटाच्या सोयीचा एक उलटा धोकाही आहे. सकाळी आला, दुपारी चहा प्यायला, संध्याकाळी घरी, अशी प्रक्रिया झाली की ती गरज नसताना करण्याचा मोहही वाढतो. वाटेची नोंद सुरू झाली तर नळी कशासाठी घातली हा प्रश्नही त्याच कागदावर येईल, आणि तो आलाच पाहिजे.

आपल्या माणसांची बाजूही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. डॉक्टरांना विचारायचे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा, असा समज मराठी घरांत खोल मुरलेला आहे. संमतीपत्र पुढे आले की आपण चष्मा न लावताच सही करतो. मामींच्या वेळी मी स्वतः तसेच केले होते. मामांच्या वेळी मी दोनच प्रश्न विचारले: हातातून करणार का, आणि नाही तर का नाही. तरुण डॉक्टरांनी उभ्याउभ्याच, अगदी सहज उत्तर दिले. “हातातूनच सुरुवात करू. वाट वाकडी निघाली तर पायातून जाऊ, तेव्हा दोन्ही जागा साफ करून ठेवल्या आहेत.” एवढेच वाक्य संमतीपत्रावर छापील असते तर विचारण्याचे धाडस करावे लागले नसते.

घरी आल्यावर मामांना खुर्चीत बसवले आणि त्यांच्या अंगठ्याखाली, टोचल्याच्या खुणेच्या थोडे वर, तीन बोटे ठेवली. आधी काही लागेना. बोटे जरा सैल केल्यावर नाडी लागली, बारीक पण नियमित. नुसत्या बोटांनी खात्री होत नाही हे मला ठाऊक होते, कारण तळव्याच्या कमानीतून उलट आलेले रक्तही बोटाला तसेच लागते. म्हणून चिमटा लावून, करंगळीची बाजू दाबून, पडद्यावरची लाट पाहिली. ती टिकली. मग डिस्चार्ज कार्डावर स्टिकरखालच्या कोऱ्या जागेत, तारीख घालून, मी निळ्या पेनाने लिहिले: ‘उजवे मनगट. नाडी लागते.’ शीथचा आकार विचारायला रुग्णालयात फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी तो कशाला हवा, असे विचारले.